टेंडरलॉइनचं ग्लाइड चर्च : वेदीमागचा क्रूस का काढला?

पाळकाची लेक
गेल्या महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला मुलीकडे होते. एका रविवारी टेलर आणि एलिस रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या ग्लाइड मेमोरियलमध्ये उपासनेला गेले. आम्ही तीन पिढ्यांचे मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे. बाहेर फुटपाथवर माणसं झोपलेली, आत गायनवृंदाच्या आवाजाने बाकं थरथरत होती. मी गाता गाता रडले. पण समोर क्रूस नव्हता. शेजारच्या बाई म्हणाल्या, १९६७ मध्येच काढला. तेव्हापासून मनात घोळतंय. क्रूसावाचून देऊळ कसं? कुणाला या मंडळीचा इतिहास माहीत आहे का?

धुक्याकाठी
ताई, मी सहा वर्षं तिथल्या तळघरातल्या जेवणघरात शनिवारी सकाळी ताटं वाढत होतो. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे क्रूसाबद्दल बोलायचा माझा अधिकार तोकडा. वस्तीबद्दल मात्र सांगू शकतो, आणि माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

लिझी ग्लाइड या श्रीमंत मेथडिस्ट विधवेने पतीच्या स्मरणार्थ १९२९ मध्ये ही जागा घेतली. चर्च १९३१ मध्ये उभं राहिलं. टेंडरलॉइन ही चर्चभोवतीची गरीब वस्ती, म्हणजे एकेका खोलीची जुनी हॉटेलं. खोलीत पलंग असतो, बेसिन असतं, चूल नसते. हे आधी लक्षात घ्या, म्हणजे जेवणाच्या रांगेचा अर्थ कळतो. साठच्या दशकापर्यंत देवळात मूठभर वयस्कर गोरी माणसं उरली होती. ती दुसऱ्या भागांतून यायची आणि उपासना झाली की परत जायची. दाराबाहेर कोण राहतं याच्याशी त्यांचा संबंध नव्हता.

१९६३ मध्ये सेसिल विल्यम्स आले. टेक्सासचे कृष्णवर्णीय पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. पुढच्याच वर्षी ग्लाइडच्या पुढाकाराने पाळक आणि समलिंगी कार्यकर्ते एकत्र आले, त्यांनी एक परिषद स्थापन केली. तिच्या मदतीसाठी १ जानेवारी १९६५ च्या रात्री नृत्याचा कार्यक्रम ठेवला होता. पोलीस दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचे फोटो काढत होते. ते आत जायला निघाले तेव्हा परिषदेच्या वकिलांनी अडवलं, तर वकिलांनाच अटक. पाळकांनी आणि त्यांच्या बायकांनी हे सगळं समोर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बोलावून सांगितलं. समलिंगी लोकांचं गाऱ्हाणं आजवर कुणी खरं मानलं नव्हतं. आता साक्षीला पाळक होते.

घरातून हाकललेली, रस्त्यावर राहणारी मुलं होती. त्यांनी ग्लाइडच्या आधाराने ‘व्हॅनगार्ड’ नावाची संघटना काढली. पोलीस रस्ते ‘साफ’ करतात म्हणजे आम्हाला उचलतात, म्हणून १९६६ मध्ये ती मुलं स्वतःच झाडू घेऊन रस्ता झाडायला उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन चौक पलीकडे, कॉम्प्टन्स कॅफेटेरियात, पोलिसांच्या रोजच्या छळाविरुद्ध तृतीयपंथी स्त्रिया उभ्या राहिल्या. एकीने पोलिसाच्या तोंडावर कॉफी फेकली. ग्लाइडची मंडळी कोण, हे त्या दोन वर्षांत ठरलं असं मला वाटतं.

मग १९६७. विल्यम्सचं म्हणणं होतं की क्रूस मरणाची खूण आहे, आणि या वस्तीत मरण रोज दिसतं. आपण जगण्याचा उत्सव करू. या वाक्याचा अर्थ मला ताटं वाढताना कळला. एक आजोबा दर शनिवारी येत. एकदा आले नाहीत, दोनदा आले नाहीत, आणि तिसऱ्या शनिवारी कुणी तरी हळूच सांगितलं. असं महिन्याला एकदा तरी व्हायचं.

पुढचं थोडक्यात. ऐंशीच्या दशकात क्रॅक कोकेन या अमली पदार्थाने वस्ती पोखरली, तेव्हा व्यसनमुक्तीचं काम वाढलं. अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफेट यांच्यासोबतच्या जेवणाचा लिलाव २००० पासून ग्लाइडसाठी होई; २०२२ च्या शेवटच्या लिलावात १ कोटी ९० लाख डॉलर आले. मेथडिस्ट संघाशी वाद होऊन २०२० मध्ये ग्लाइड वेगळं झालं. विल्यम्स २०२४ च्या एप्रिलमध्ये गेले, ९४ वर्षांचे होऊन.

ओवीकर
जॅनिस मिरिकिटानी यांचं नाव राहिलं. विल्यम्स यांच्या पत्नी, जपानी वंशाच्या कवयित्री. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या लोकांना डांबलं, तेव्हा तान्ह्या असताना कुटुंबासह छावणीत गेलेल्या. पुढे त्या शहराच्या राजकवी झाल्या. अत्याचार सोसलेल्या बायकांना बोलतं करण्याचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं. एकट्या विल्यम्सवर हा इतिहास संपत नाही.

धुक्याकाठी
अगदी बरोबर. माझी चूक, त्यांचं नाव आधी यायला हवं होतं.

शांतिवन
काम थोर आहे, शंका नाही. पण विल्यम्स यांचं कारण मला पटत नाही. आपल्या देवळांतला क्रूस रिकामा असतो. प्रभू त्यावर नाही, तो उठला आहे. तो मरणाची खूण नाही, मरण हरल्याची खूण आहे. रोज मरण पाहणाऱ्या वस्तीला तो अधिकच हवा होता.

पाळकाची लेक
शांतिवन, माझे वडीलही हेच म्हणाले असते. मी अजून तुमच्याच बाजूला आहे. पण धुक्याकाठी, ते आजोबा डोक्यातून जात नाहीत. डिसेंबरमध्ये पुन्हा मुलीकडे जाईन, तेव्हा आधी तळघरात जाईन. परक्या माणसाला एखाद्या शनिवारापुरतं वाढायला घेतात का? नाव आधी नोंदवावं लागतं का?