'पॉन्टून'च्या आधीची चौदा वर्षं

लिटल बिग टाउन या चौघांच्या अमेरिकन कंट्री बँडला कुणीतरी '२०१२चा फुगा' म्हटलंय, म्हणजे त्या वर्षीच्या 'पॉन्टून' गाण्यानं अचानक फुगलेला. तसं नाही हो. हे चौघं १९९८पासून एकत्र गातायत. २००२चा पहिला अल्बम फारसा चालला नाही, करारही गेला. २००५च्या 'द रोड टू हिअर' अल्बममधलं 'बून्डॉक्स' हे गाणं गाजलं, तर पुढे तो काढणारी इक्विटी ही रेकॉर्ड कंपनीच बंद पडली. नशिबानं तोवर ते कॅपिटॉल या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेले होते. 'पॉन्टून' त्यानंतरचं.

त्यांचं 'गर्ल क्रश' पहिलं आलं होतं की नाही, असा जो चार्टवरून वाद चाललाय, त्यात 'बिलबोर्ड' मासिकाच्या दोन याद्यांची गल्लत आहे. 'गर्ल क्रश' (२०१५) 'हॉट कंट्री साँग्ज'वर १३ आठवडे पहिलं होतं, 'कंट्री एअरप्ले'वर मात्र तिसऱ्यापर्यंतच पोचलं. पहिल्या यादीत ऑक्टोबर २०१२पासून विक्री आणि स्ट्रीमिंगही धरतात, दुसरीत निव्वळ रेडिओ. त्यात काही श्रोत्यांनी गाण्याचा भलताच अर्थ लावून (एक बाई दुसऱ्या बाईच्या प्रेमात आहे असा) रेडिओ स्टेशनांकडे तक्रारी केल्या. खरं तर ते गाणं सरळसरळ मत्सराचं आहे! चौघांपैकी कॅरन फेअरचाइल्ड जवळजवळ एकटी सुरुवात करते, बाकीचे आवाज मागून हळूच चढतात. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर ते थर कळतच नाहीत.