अंगावर पाजताना आतडं धुण्याचं पॅकेज घ्यावं का?

गुहागरची नणंद:
वहिनीचं बाळ साडेतीन महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. वहिनीला चार-चार दिवस शौचाला होत नाही, झालं तर खडा. एका केंद्राने तीन दिवसांचं 'कोलन क्लीन्स' सांगितलंय: सकाळी दोन लिटर कोमट मीठपाणी, दुसऱ्या दिवशी नळीने आतडं धुणं, घरी न्यायला सोनामुखी-काळाबोळाची पुडी. आई म्हणते, त्यापेक्षा एरंडेल दे. दूध बाधेल का?

फार्मसीवाला:
दुधाआधी वहिनीचं बघा. लिटरला दोन चमचे मीठ धरलं तर दोन लिटरमध्ये वीसेक ग्रॅम जातं. डब्ल्यूएचओने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगितलंय. हे पाणी जुलाबावाटे गेलं तर अंगातलं पाणी-क्षार घेऊन जातं, आतच जिरलं तर रक्तातलं सोडियम वाढतं. पाजणाऱ्या बाईचं पाणी आधीच दुधात जात असतं, त्यात हे कशाला?

नळीने धुण्यात आतड्याला इजा, जंतुसंसर्ग, क्षार बिघडणं हे धोके आहेत. मूळव्याध, फिशर (गुदद्वाराला चीर) किंवा बाळंतपणातले खोल टाके असतील तर नकोच. 'साठलेली विषं' निघतात म्हणतात, पण ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात.

सोनामुखी ठरलेल्या मात्रेत दुधात नगण्य उतरते, मोजून दिलेली गोळी थोडे दिवस चालते. पुडीत किती हे कुणालाच ठाऊक नसतं. काळाबोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, कडक रेचक. बाळंतिणीला द्यायची पद्धत जुनी असली तरी पाजताना टाळायचा. एरंडेलाने मुरडा येतो आणि जुलाबावाटे अंगातलं पाणी जातं, तेही नको.

दापोलीची आहारवाली:
बद्धकोष्ठाचं कारण शोधा, बहुतेक वेळा ताटातच सापडतं. मेतकूट-भात, तूप, डिंकाचे लाडू, वर 'बाळंतिणीने पाणी कमी प्यावं'. शिवाय बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी, तीही घट्ट करते. गोळी मनाने बंद करू नका, फार त्रास असेल तर डॉक्टरांकडून प्रकार बदलून घ्या.

प्रत्येक पाजण्याआधी तांब्याभर पाणी जवळ ठेवायचं. लघवी फिकट पिवळी राहिली की पुरेसं. जेवणात शेवग्याचा पाला, लाल माठ, सालासकट कुळीथ, नाचणीची भाकरी. नुसता पेजभात असेल तर त्यात चोथा फारसा नसतो. कमोड असेल तर पायांखाली पाट, गुडघे कमरेच्या वर.

इसबगोल एक चमचा, भरल्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, मागून आणखी एक पेला. थोड्या पाण्यात घेतलं तर घशात नाहीतर आतड्यात गोळा होऊन अडकतं. लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.

फार्मसीवाला:
त्याने भागलं नाही तर लॅक्टुलोज (शौच मऊ करणारं पातळ औषध) १५ मिली रात्री, गरजेनुसार ३०. परिणामाला एक-दोन दिवस लागतात, आधी पोट गुरगुरेल. किंवा त्याच कामाची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅमची पुडी पेलाभर पाण्यात. दोन्ही रक्तात जवळजवळ शोषली जात नाहीत, त्यामुळे दुधात येत नाहीत. तरी डॉक्टरांना विचारून सुरू करा.

केंद्राच्या पुडीत 'इच्छाभेदी' हे कडक आयुर्वेदिक रेचक आहे का हेही विचारा. त्यात जमालगोटा आणि पारा असतो.

गुहागरची नणंद:
सोनामुखीची गोळी दिली तर तेवढा वेळ दूध पिळून टाकायचं का?

फार्मसीवाला:
नाही. बाळाची नेहमीची पिवळी, सैल शी बघून घाबरू नका, अंगावरच्या बाळाची तशीच असते. अचानक पाण्यासारखी झाली किंवा दिवसात सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

वहिनीच्या शौचात रक्त, ताप, उलट्या, किंवा पोट फुगून वाराही सरत नसेल तर रेचक न देता थेट दवाखाना.