मदत हवी आहे : गाण्यासाठी व्हायोलिन-चेलोचे भाग कसे लिहावेत?

नमस्कार. गिटारवर बांधलेल्या माझ्या एका मराठी गाण्यासाठी दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या स्वराचे वाद्य) आणि एक चेलो (त्याहून मोठे, खर्जाचे वाद्य) अशा मेळाचे भाग मला लिहायचे आहेत, आणि त्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

नमुना म्हणून मी बीटल्स या इंग्लिश बँडचे १९६६ मधील ‘एलिनॉर रिग्बी’ वारंवार ऐकतो. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यात चार व्हायोलिन, दोन व्हिओला आणि दोन चेलो योजले असून बीटल्सपैकी कोणीही त्यात वाद्य वाजवलेले नाही. माइक तारांच्या अगदी जवळ ठेवल्यामुळे गजाचे घर्षणसुद्धा कानाला जाणवते. गजाचे तुटक आघातच तेथे लय धरतात, त्यामुळे ड्रमची उणीव मुळीच भासत नाही. आदल्या वर्षीच्या ‘येस्टरडे’मध्ये मात्र गिटारच्या जोडीला चारच वादक आहेत आणि ते बहुतांशी दीर्घ स्वर धरून गायकाच्या मागे राहतात. मला स्वतःला पहिली रीत अधिक भावते.

माझी अडचण अशी की, पहिल्या मसुद्यात व्हायोलिन गायिकेच्याच स्वरकक्षेत फिरत राहिले आणि शब्द अक्षरशः बुडाले. अशा वेळी व्हायोलिन वरच्या सप्तकात न्यावे, की ओळीच्या मधल्या जागांपुरतेच ठेवावे? चेलोने तुटक आघात धरल्यास गिटार पूर्णपणे काढून टाकणे योग्य ठरेल का? वादक स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचतात, त्यामुळे एखाद-दोन मापांचे (बारचे) लिखित उदाहरण मिळाल्यास फार उपयोग होईल.