मदत हवी आहे: पिकअपचा पाटा बदलायचाय, घोडी अ‍ॅक्सलखाली लावू की चॅसीखाली?

नमस्कार मंडळी, घरची बोलेरो पिकअप आहे, टोमॅटोच्या क्रेट वाहून वाहून मागच्या डाव्या बाजूचा मेन पाटा (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) तुटलाय. नवीन पाटा आणलाय, काम घरीच करायचंय. परवा नुसत्या बॉटल जॅकवर उचलून चाक काढलं, जेवायला गेलो, येऊन बघतो तर गाडी चार बोटं खाली आलेली आणि जॅकभोवती तेलाचा ओघळ. दहा मिनिटं आधी माझं डोकं तिथंच होतं. तेव्हापासून आई पान्याला हात लावू देत नाही.

आता दुसरा जॅक आणि दोन घोड्या (उचललेल्या गाडीखाली आधाराला लावायचे लोखंडी स्टँड) आणल्यात, खोक्यावर 6 टन आहे पण ते एकीचं की जोडीचं ते कळेना. शेडमध्ये मुरूम आहे, घोडीचे पाय रुततील असं वाटतंय, भाऊ म्हणतो सिमेंटचे ब्लॉक लाव. आणि मूळ प्रश्न वर लिहिलाय तोच, घोडी अ‍ॅक्सलखाली (दोन चाकांमधला आडवा दांडा) की चॅसीखाली (गाडीचा लोखंडी सांगाडा).

प्रतिसाद:
भाऊ, ब्लॉक अजिबात नको, तो न सांगता फुटतो. मुरमावर जाड लोखंडी प्लेट नाहीतर फळी टाका, घोडीखाली पण आणि जॅकखाली पण. 6 टन जोडीचं धरून चाला, रिकाम्या पिकअपच्या मागच्या बाजूला तेवढंही बक्कळ झालं.

पाटा काढायचा म्हणजे घोड्या चॅसीखालीच, दोन्ही बाजूंना, पाट्याचं पुढचं टोक चॅसीला जिथं अडकवलेलं असतं त्या हँगरच्या जरा पुढं. अ‍ॅक्सलखाली लावल्या तर वजन पाट्यावरच राहणार, मग पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारा यू बोल्ट सोडणार कसा? अ‍ॅक्सल लोंबकळू द्या आणि त्याच्याखाली नवा जॅक नुसता टेकवून ठेवा.

सगळे विसरतात ते म्हणजे हँडब्रेक आणि गिअर दोन्ही मागच्याच चाकांना धरतात, मागं उचललं की गाडी पुढच्या चाकांवर मोकळी. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके ठोका. चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले करा, काढलेलं चाक चॅसीखाली आडवं सरकवा आणि आत जायच्या आधी गाडीला कमरेनं दोन-चार धक्के देऊन बघा, हलली तर परत उतरवा.

धागाकर्ता:
आभारी आहे, उद्या वेल्डिंगवाल्याकडून प्लेटा आणतो. आईला घोड्या दाखवल्या, ती म्हणते गाडी चढव, रात्रभर तशीच ठेव, सकाळी मी बघेन तू आत जायचं का नाही ते.