पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून कोसळतो : मीटर बदलावे की टाकीतील फ्लोट?

धागाकर्ता : माझी दीडशे सीसीची, कार्बोरेटर असलेली मोटारसायकल नऊ वर्षांची आहे. टाकी भरल्यावर पेट्रोलचा काटा व्यवस्थित वर जातो. मात्र अर्ध्याच्या आसपास आला की तो एकदम 'ई'वर पडतो आणि गाडी खड्ड्यातून गेली की पुन्हा उसळतो. मेकॅनिक संपूर्ण मीटर बदलायला सांगत आहेत. रोज कराड ते पाटण जाणे-येणे असल्यामुळे वाटेत पेट्रोल संपण्याची धास्ती वाटते. खर्च करण्यापूर्वी दोष कुठे आहे हे घरी तपासता येईल का?

पहिले उत्तर : मीटर बदलण्याची घाई कृपया करू नका. काटा एका ठरावीक जागीच दगा देत असेल, तर संशय आधी फ्लोटवर, म्हणजे टाकीत तरंगून पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागावर घ्यावा. फ्लोटची दांडी पेट्रोलच्या पातळीबरोबर वरखाली होते आणि तिच्या टोकाचा संपर्क रोधाच्या (विजेला अडथळा करणाऱ्या) पट्टीवरून सरकतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ती पट्टी एखाद्या जागी झिजली की तेथे जोडणी तुटते. अनेक गाड्यांत टाकी भरलेली असताना रोध कमी आणि रिकामी होताना जास्त असतो, म्हणून जोडणी तुटताच मीटरला टाकी रिकामी वाटते.

टाकीखालचा फ्लोटचा कप्लर (वायरींचा जोड) काढून चावी फिरवा. काटा 'ई'वर गेला, आणि मीटरकडील दोन वायरी क्षणभर जोडल्यावर 'एफ'कडे सरकू लागला, तर मीटर आणि वायरिंग दोन्ही ठीक आहेत. काटा हललाच नाही, तर आधी कप्लरमधील गंज आणि टाकीखाली घासलेली वायर पाहा. पावसाळ्यानंतर हे फार आढळते. त्यानंतर फ्लोट बाहेर काढून दांडी हाताने सावकाश फिरवत मल्टिमीटरवर (रोध मोजायच्या उपकरणावर) रोध बघा. तो सलग बदलायला हवा. मध्येच आकडा नाहीसा झाला, तर पट्टी झिजली आहे.

टाकी उघडण्याचे काम मोकळ्या हवेतच करा आणि त्याआधी बॅटरीची ऋण वायर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, त्यामुळे आसपास शेगडी किंवा देवापुढची समईसुद्धा पेटलेली नको.

दुसरे उत्तर : ही वायरी जोडण्याची चाचणी काट्याच्या मीटरपुरतीच आहे, डिजिटल मीटरवर सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय ती करू नये. कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, म्हणून तेथे काटा बिघडलेला असताना टाकी तळापर्यंत रिकामी होऊ देणे पंपाला महागात पडते.

धागाकर्ता : दोघांचेही मनापासून आभार. कप्लरच्या चाचणीत काटा दोन्ही टोकांना गेला आणि मल्टिमीटरवर दांडी मध्यावर येताच आकडा नाहीसा झाला. नवा फ्लोट बसवताना जुने रबरी सील पुन्हा वापरावे का?

पहिले उत्तर देणारे : नाही, सील नवेच घ्या, जुने दबून चपटे झालेले असते आणि तेथून पेट्रोल झिरपू शकते. फ्लोट बसवल्यावर गाडी मधल्या स्टँडवर उभी करून एकेक लिटर पेट्रोल ओता आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. काटा मुद्दामच संथ ठेवलेला असतो, त्यामुळे दर वेळी मिनिटभर थांबूनच नोंद करा.