मशीनवरील सेन्सर आणि ऑपरेटरचा अनुभव : दोन्हींची सांगड कशी घालावी?

प्रश्न : उत्पादन विभाग, अंबड

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लघुउद्योगात मी उत्पादनाची जबाबदारी पाहतो. वाहन उद्योगासाठी लागणारे शाफ्ट आणि बुश आम्ही सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर तयार करतो. गेल्या वर्षी सर्व मशीनना स्पिंडलचे (मशीनच्या फिरत्या मुख्य दांड्याचे) कंपन, तापमान आणि मोटरवरील भार मोजणारे सेन्सर बसवले आणि प्रत्येक मशीनजवळ एक टॅब्लेट दिला. मशीन का थांबते, टूल कधी झिजते, रिजेक्शन (सदोष म्हणून भाग नाकारले जाणे) कुठे होते हे आकड्यांत दिसू लागले की ऑपरेटर स्वतःच सुधारणा सुचवतील, अशी अपेक्षा होती.

ब्रेकडाउन काही प्रमाणात कमी झाले, परंतु सूचना येणे जवळजवळ बंद पडले आहे. चिपचा (कापताना निघणाऱ्या धातूच्या किसाचा) रंग पाहून आणि कटिंगचा आवाज ऐकून इन्सर्ट (टूलचे बदलता येणारे पाते) बदलणारे जुने ऑपरेटर आता अलार्मची वाट पाहतात, किंवा अलार्म बंद करून आपल्या पद्धतीने काम करतात. आयटीआयमधून नव्याने आलेली मुले पडद्यावरचा हिरवा दिवा पाहून निश्चिंत असतात. मशीन थांबण्याचे कारण टॅब्लेटवर नोंदवायचे असते, तिथे बहुतेक नोंदी ‘इतर’ या रकान्यात पडतात. आणखी चांगले सॉफ्टवेअर घ्यावे, असे मालकांचे मत आहे. अडचण सॉफ्टवेअरमध्ये नाही असे मला वाटते. मग ती नेमकी कुठे आहे आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर : देखभाल अभियंता, सिन्नर

अलार्मच्या मर्यादा कोणी ठरवल्या, हे सर्वांत आधी पाहा. अनेक ठिकाणी पुरवठादाराचा तंत्रज्ञ येतो, सर्व मशीनना एकच मर्यादा टाकतो आणि निघून जातो. ज्या माणसाने ते मशीन वर्षानुवर्षे चालवले आहे, त्याला कोणी विचारत नाही.

आपल्याकडच्या हिवाळ्याचेच उदाहरण घ्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या पाळीला शेडमध्ये असणारे तापमान आणि दुपारचे तापमान यांत १५ अंशांचा फरक सहज पडतो. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ११ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रसरण पावते; म्हणजे १०० मिलिमीटर लांबीच्या भागात तेवढ्या फरकाने सुमारे १७ मायक्रॉनचा बदल होतो. मशीन, जॉब (तयार होत असलेला भाग) आणि मोजण्याचे साधन एकाच वेगाने तापत नाहीत, त्यामुळे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) २० मायक्रॉनचा असेल तर जॉब हातचा जायला एवढे पुरेसे आहे. म्हणूनच अनुभवी ऑपरेटर पाळीच्या सुरुवातीला स्पिंडल रिकामा फिरवतो, पहिले काही जॉब मोजतो आणि मग ऑफसेट (टूलच्या जागेतील दुरुस्ती) देतो. डॅशबोर्डवर मात्र हा सगळा वेळ ‘मशीन रिकामे’ म्हणून लाल दिसतो. वरून विचारणा झाली की तो माणूस मशीन तापवणे सोडून देतो आणि सकाळच्या पाळीचे रिजेक्शन वाढते. इथे सेन्सरचे मोजमाप अचूक आहे, त्या मोजमापाला दिलेले नाव चुकीचे आहे.

‘इतर’ रकान्याचेही तसेच आहे. कारणांची यादी बहुधा कार्यालयात बसून तयार झाली असावी. काही दिवस टॅब्लेटशेजारी एक साधी वही ठेवा आणि ऑपरेटरला त्याच्या शब्दांत लिहू द्या : चिप तुटत नाही, लांब निघते, कूलंटची (टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाची) धार टूलवर पडत नाही, बार फीडर (मशीनमध्ये धातूचा गज सरकवणारे साधन) अडखळतो. नंतर याच शब्दांतून टॅब्लेटवरील यादी नव्याने तयार करा.

एक गोष्ट आम्ही केली आणि तिचा फार उपयोग झाला. ऑपरेटरने स्वतःच्या अंदाजाने इन्सर्ट बदलला की त्याने एक बटण दाबायचे, म्हणजे त्या क्षणाचा भार आणि कंपनाचा आलेख वेगळा साठवला जातो. पुढे ते आलेख त्याच्यासोबत बसून पाहिले. कधी त्याचे कान सेन्सरच्या पुढे होते, तर कधी इन्सर्टमध्ये अजून बराच जीव शिल्लक होता. दोन्ही बाबतींत त्याला आणि आम्हालाही नवे काही कळले आणि मर्यादा त्यावरून बदलल्या.

उत्तर : निवृत्त पर्यवेक्षक, सातपूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात अधिकाराचा मुद्दा जोडतो. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग सूत तुटले की आपोआप थांबत असे. त्यामुळे एका कामगाराला अनेक मागांवर लक्ष ठेवता आले आणि सदोष कापड विणले जाणे थांबले. पुढे ताइची ओहनो यांच्या काळात टोयोटाने हेच तत्त्व माणसापर्यंत नेले : काही बिघडल्याचे दिसले की साध्या कामगारानेही दोरी ओढायची आणि त्याच्या मदतीला तत्काळ कोणीतरी यायचे. चूक ओळखण्याचे काम यंत्र करते, पण ती का झाली याचा शोध माणूस घेतो, आणि शोध घेण्यासाठी त्याला काम थांबवण्याचा अधिकार लागतो. आपल्या ऑपरेटरला तो आहे का? त्याने मशीन थांबवले तर पर्यवेक्षक मदतीला येतो, की जाब विचारायला?

क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांनी एकत्र बसून कामातल्या अडचणी सोडवण्याची, चळवळ जपानमध्ये १९६२ साली काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि भारतात १९८० मध्ये ‘भेल’ (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीने ती आणली. मी त्या बैठकांमध्ये अनेक वर्षे बसलो आहे. सूचनेला ‘नाही’ असे उत्तर मिळाले तरी माणसे टिकून राहत. उत्तरच आले नाही की पुढच्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या दिसत. तेव्हा प्रत्येक सूचनेला कारणासह आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्या.

त्याचबरोबर अनुभवाला देवपण देऊ नका. इशिकावा आकृती (एका दोषाची संभाव्य कारणे माशाच्या काट्यासारखी मांडणारी आकृती) मांडून कारणे तपासू लागलो, तेव्हा जुन्या मंडळींच्या काही सवयींना कसलाही आधार नसल्याचे अनेकदा दिसून आले. आकडे समोर नसते तर ते कळलेच नसते.

उत्तर : आयटीआय शिल्पनिदेशक

नव्या मुलांबद्दल लिहितो, कारण त्यांच्याविषयी मला अधिक काळजी वाटते. लिझॅन बेनब्रिज या संशोधिकेने १९८३ मध्येच दाखवून दिले होते की सोपे काम यंत्राकडे गेले की माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि त्या प्रसंगांसाठी लागणारा सराव मात्र त्याला मिळेनासा होतो. आमच्याकडे मूल आधी फाइलने धातू घासते, मायक्रोमीटर हाताळते आणि मगच सीएनसीवर जाते. कारखान्यात गेल्यावर हे सारे थांबते. तुमच्याकडे अप्रेंटिस असतील तर पाळीतील ठराविक जॉब त्यांनी पडदा न पाहता तपासावेत, आपला निष्कर्ष आधी लिहावा आणि मग तो सेन्सरच्या नोंदीशी ताडून पाहावा. जुन्या ऑपरेटरसोबत त्यांची जोडी लावा. मुलगा आलेख वाचून दाखवेल, दादा त्याचा अर्थ सांगतील.

उत्तर : सीएनसी ऑपरेटर

मी मशीनवर काम करतो, म्हणून स्पष्टच विचारतो. टॅब्लेटवरील नोंद पगारवाढीच्या किंवा मेमोच्या वेळी समोर ठेवली जाते का? तसे असेल तर खरे कारण कोणीही लिहिणार नाही, ‘इतर’च लिहील. आणि मी सांगितलेल्या युक्तीमुळे दोन मशीनवर एकच माणूस पुरेल असे ठरले, तर माझ्या शेजारच्याचे काय होणार, हे आधी सांगायला हवे.

प्रश्नकर्ता : उत्पादन विभाग, अंबड

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्याकडे नोंदी मासिक आढाव्यात ऑपरेटरच्या नावासह दाखवल्या जातात. नावे काढून फक्त मशीनचा क्रमांक ठेवावा आणि सूचनेमुळे कोणाचेही काम जाणार नाही हे लेखी द्यावे, असा प्रस्ताव मी मालकांपुढे ठेवणार आहे. मशीन तापवण्याच्या वेळेला वेगळा रंग आणि वेगळे नाव याच आठवड्यात देतो. सिन्नरच्या अभियंता सरांना एक विचारायचे आहे : ते बटण टॅब्लेटवर ठेवले होते, की मशीनच्या पॅनेलवर?

उत्तर : देखभाल अभियंता, सिन्नर

पॅनेलवर, सायकल स्टार्टच्या (मशीनचे काम सुरू करण्याच्या) बटणाशेजारी. ऑपरेटरचे हात कूलंटने ओले असतात आणि टॅब्लेटचा पडदा ओल्या बोटांना दाद देत नाही. ही जागा आमच्या एका ऑपरेटरनेच सुचवली होती.