सुरुवातीची ती अनुवादकाची टीप
'मेमॉयर्स ऑफ अ गेशा' (गेशा म्हणजे नृत्य-संगीतानं पाहुण्यांचं मनोरंजन करणारी जपानी कलाकार) या पुस्तकाबद्दल 'कादंबरीच आहे, खरंखोटं कशाला तपासायचं?' असं एकानं म्हटलंय; ते मत मला पटत नाही. ही कादंबरी उघडली की आधी अनुवादकाची टीप येते. नायिका सायुरी या गेशानं आपल्या आठवणी सांगितल्या आणि आपण त्या टेपवर घेतल्या, असं एक प्राध्यापक त्यात लिहितात. मी ती खरी धरून पुस्तक संपवलं. ते प्राध्यापकही काल्पनिक, हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

भाषा देखणी आहे, वादच नाही. पण लेखक आर्थर गोल्डन यांना माहिती देणाऱ्या जपानमधल्या क्योतो शहराच्या माजी गेशा मिनेको इवासाकी यांचं नाव आभारात छापलं गेलं. नाव गुप्त ठेवायचं ठरलं होतं, असं म्हणत त्या २००१ मध्ये कोर्टात गेल्या. २००३ मध्ये तडजोड झाली. कादंबरीतलं गेशाच्या कौमार्याच्या लिलावाचं चित्रणही त्यांनी ठामपणे नाकारलं. त्यांचं आत्मचरित्र जोडीनं वाचाच.